माझ्या नावाचा शनिवार

बुधवार, १४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू. चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली आणि तशीच दवाखान्यात गेले, रक्तदाब बघायला. नवी नर्स आली आहे. पोरसवदा, नखं निळी. माझं कार्ड वाचलं आणि हसली. "सोलेदाद? आजी, पोटच्या पोरीचं नाव 'एकटेपण' कोण ठेवतं?"

माझी आई ठेवते, म्हटलं. तुझं गं काय? तर म्हणे नायारा. अर्थ विचारला, तर ठाऊक नाही. म्हटलं, आधी स्वतःचा शोध लाव, मग माझी चौकशी कर.

घरी आल्यावर मात्र वाटलं, उगाच फटकारलं, नीट सांगायला हवं होतं. हे नाव जन्मभराच्या एकटेपणाचं नाही, एका दिवसाचं आहे. शुक्रवारी मुलाला, येशूला, पुरलं, रविवारी तो उठणार, आणि मधला अख्खा शनिवार मरिया एकटी. त्या दिवसापुरतं तिचं नाव सोलेदाद. मी त्याच शनिवारी जन्मले, सत्तेचाळीस साली, म्हणून मारिया दे ला सोलेदाद. शाळेतले मास्तर सांगायचे, मूळ लॅटिन आहे, 'सोलुस' म्हणजे एकटा. आई लॅटिन-बिटिन काही जाणत नव्हती. ती म्हणायची, "ज्या दिवशी माता एकटी होती, त्या दिवशी तू सोबतीला आलीस." मला हाच अर्थ पुरतो.

आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा, ज्या संताचं नाव त्याचा सण, आणि माझा नामदिन ईस्टरबरोबर दर वर्षी पळतो. कधी मार्चात, कधी एप्रिलात. एउतिमियो चिडवायचा, "बाकीच्यांच्या बायका एका तारखेला मिळतात, माझी शोधावी लागते." मुलगी झाली तेव्हा मी हेच नाव धरून बसले होते. तो म्हणाला, "घरात एक एकटेपण पुरे." राकेल ठेवलं. आता तोही नाही, राकेल वायादोलिदला, आणि घरात खरोखर एकच आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज कपाटातून टाचण्यांची डबी काढली, चर्चमधल्या सोलेदाद मातेच्या मूर्तीची. पवित्र शनिवारला अजून सहा आठवडे आहेत, पण हात शिवशिवतात.

माझ्या लहानपणी गावात नऊ सोलेदाद होत्या. हाक मारली की अर्धी गल्ली वळायची, म्हणून प्रत्येकीला शेपूट जोडलेलं — उंच सोलेदाद, विहिरीजवळची, दोनदा लग्न केलेली. मी सुताराची. आणि सगळ्यांत वरचढ भट्टीवाली सोलेदाद. पावाची भट्टी तिची, आणि पवित्र शनिवारी मातेला वस्त्रं नेसवण्याचं कामही तिचंच. चर्चच्या बाजूच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची. पुरुष बाहेर. मातेला फक्त चेहरा आणि हात आहेत, झग्याखाली नुसता लाकडी सांगाडा — हे ज्या बायका आत जातात त्यांनीच पाहिलेलं. एउतिमियोलाही मी कधी सांगितलं नाही. त्याला माहीत होतं, हा भाग वेगळा.

मी अकराची असताना या भट्टीवाल्या काकूने मला निवडलं. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. मी आणि विसी, आमची दोघींची कायमची जोडी, चर्चच्या ओट्यावर खेळत होतो. काकू बाहेर आली. "हात दाखवा गं." विसीचे हात उलटेसुलटे करून पाहिले. ती तेव्हाच आईबरोबर शिवायला बसायची, बोटाला सुयांचे टोचे. काकू म्हणाली, "तुझे हात चांगले आहेत." तेवढ्यात मी पुढे झाले. "पण सोलेदाद तर मी आहे!" काकूने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "असं? बरं. चल मग." आणि मी आत गेले.

माझा धीटपणा ऐकून लोक हसतात. मीही हसत आले.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सरपण आणताना अंगणातल्या पायरीवरून पाय घसरला. उजवं मनगट. सामोरा शहरातल्या इस्पितळात प्लास्टर घातलं. सहा आठवडे, किमान.

डाव्या हाताने लिहितेय. कोंबडी चालून गेल्यासारखं अक्षर.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सहा आठवडे म्हणजे शनिवार उलटून जातो. प्लास्टर निघायच्या आधी माझा शनिवार येतो.

बुधवार, २८ फेब्रुवारी

फेलिसा आली होती. भगिनीमंडळाची अध्यक्ष, त्यामुळे आधी हाताची विचारपूस, मग लगेच मुद्दा. "यंदा मातेचं काय?"

मंडळाची बैठक भरवली म्हणे. दुसरी सोलेदाद कुठे मिळते का ते शोधलं. विहिरीजवळचीची नात बिल्बाओला असते, तिचं नाव सोलेदाद, पण सगळे तिला सोल म्हणतात. फोन लावला तर म्हणाली, टाचणीही धरता येत नाही मला, आणि त्या दिवशी समुद्रावर जायचंय. उरली मीच.

फादर विल्मर बैठकीत म्हणाले, कुणीही नेसवा ना, माता कुठे कुणाचं कार्ड तपासते? फेलिसाने त्यांना गप्प केलं. "फादर, तुमच्या कोलंबियात काय करतात ते ठाऊक नाही. आमच्याकडे सोलेदादच्या वस्त्रांना सोलेदादचेच हात लागतात. हा नियम आहे."

नियम आहे. मीच तो तिच्या कानात ओतलाय, ती नव्याने लग्न होऊन आली तेव्हा. यंदा माता उपवासकाळाच्या जुन्या जांभळ्या झग्यातच मिरवणुकीत जाईल, असं ठरत आलंय. दीडशे वर्षांत असं झालं नाही.

रडले थोडी. हात दुखतो म्हणून असेल.

गुरुवार, ७ मार्च

गुरुवारची बस. वृद्धाश्रमात विसीकडे. सहा वर्षं झाली तिला तिथे. मला ओळखत नाही. आज मला "ताई" म्हणाली आणि माझ्या प्लास्टरचं कापड बोटांनी चाचपत राहिली, शिवण शोधत असल्यासारखी.

येताना बसमध्ये तो झगडा आठवत बसले. झगडा तरी कसला, एकच वाक्य.

मातेचा काळा मखमली झगा विसीनेच भरला. दोन हिवाळे, चांदीच्या तारेने, चौऱ्याहत्तर साली. एक पैसा घेतला नाही. दर वर्षी शनिवारी सकाळी तो दोन्ही हातांवर घेऊन यायची आणि दारात माझ्या हातात द्यायची. दारापर्यंतच. मी आत, दार बंद. त्र्याऐंशी साली दार लावता लावता ती म्हणाली, "सोले, खांद्यावरच्या घड्या चुकतात तुझ्या. मिरवणुकीत पाठीवर फुगा येतो. एकदाच मला आत येऊ दे, मी दाखवते."

मी म्हटलं, "तुझं नाव काय?"

ती म्हणाली, "विसितासियोन."

आणि मी दार लावलं. पुढच्या वर्षीपासून झगा तिच्या भाचीबरोबर यायला लागला. आमचं बोलणं थांबलं नाही. एकमेकींच्या घरी कॉफी, नवऱ्यांच्या मयती, सगळं. पण त्या झग्याचा विषय चाळीस वर्षं आमच्यात निघाला नाही.

बुधवार, १३ मार्च

फादर विल्मर भर पावसात घरी आले, दोन स्वेटर घालून, काखेत मंडळाची जुनी वही. म्हणाले, "आजी, नियम कुठे लिहिलाय ते बघावं म्हणून मी हे वाचत होतो. तुम्ही आधी बसा."

मी बसलेच होते. त्यांनी वाचून दाखवलं. एकोणीसशे एकवीस साल. 'आज मातेची वस्त्रं आकिलीना, पाववाल्या मातेओची बायको, हिच्या ताब्यात दिली. रिवाजाप्रमाणे यापुढे तिला सोलेदाद म्हणावे.'

मी विचारलं, आकिलीना कोण? त्यांनी बाप्तिस्म्याची वही पण पाहून ठेवली होती. भट्टीवाली काकू. आमची काकू! तिच्या आधीची तोमासा, 'हिला सोलेदाद म्हणावे.' तिच्या आधीची एउलालिया, 'हिला सोलेदाद म्हणावे.' पहिल्या पानापर्यंत तसंच. त्यांच्यातली एकही सोलेदाद म्हणून जन्मली नव्हती. आधी काम हातात यायचं, मग नाव. चांगल्या हाताची बाई शोधायची, आणि ती त्या दारातून आत गेली की गावाने तिला सोलेदाद म्हणायचं.

कबरीवरही काकूचं नाव सोलेदादच कोरलंय. आकिलीना म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आणि तिच्यानंतर आले मी, आधीच ते नाव असलेली. मला वेगळं नाव द्यायची वेळच आली नाही. तेवढ्यानेच गाव विसरलं.

फादर हसत होते, त्यांना वाटलं मला आनंद होईल. "म्हणजे आता कुणीही करू शकतं, आजी."

मी त्यांना कॉफीही विचारली नाही.

गुरुवार, १४ मार्च

बसला गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

शनिवार, १६ मार्च

चार दिवस आठवतेय. काकूच्या तोंडून तो नियम मी एकदाही ऐकलेला नाही. तेरा वर्षं तिच्या हाताखाली होते. टाचणी आडवी लाव, चेहऱ्याजवळ धातू नेऊ नकोस, रुमालाची घडी डाव्या हातात — सगळं आठवतं. 'सोलेदादच हवी' हे वाक्य नाही. ते माझं आहे. काकू गेल्यावर मीच ते पहिल्यांदा बोलले, आणि मदतीलाही बाकीच्या सोलेदादच घेतल्या. मग त्या बोलायला लागल्या, मग फेलिसा.

आणि ओट्यावरची ती गोष्ट. काकूने विसीचे हात हातात धरले होते. "तुझे हात चांगले आहेत." निवड झाली होती. ती विसीला आत नेणार होती, बाहेर आल्यावर नवं नाव देणार होती. आणि मी मध्ये घुसले, "पण सोलेदाद तर मी आहे!"

काकूने बराच वेळ पाहिलं होतं माझ्याकडे. कौतुकाने, असं मी शंभरदा सांगितलंय. अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं हेच ती ठरवत असेल. सोपं ते तिने केलं. पुढचं सगळं मी केलं.

मला ते आवडत होतं. दार लावून घेणं आवडत होतं. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितेय.

गुरुवार, २१ मार्च

बसने गेले. पिशवीत काळ्या कापडाचा तुकडा आणि टाचण्यांची डबी.

विसी खिडकीशी. मी कापड तिच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी ते उलटं करून मागची बाजू पाहिली. मग डबी उघडली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि माझ्या बाहीवर चुण्या घालायला लागली. सगळ्या एका मापाच्या. स्वतःचं नाव विसरलेली बाई! बोटांना सगळं पाठ. सांभाळणारी मुलगी धावत आली, "आजी, टाचण्या गिळतील त्या!" विसीने ओठ न हलवता तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली.

ठरवलं.

शुक्रवार, २२ मार्च

फेलिसाला सांगितलं. वही वाचून दाखवली. तिने दोनदा वाचली. "बरं, नाव नको म्हण. पण विसी? अगं, तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही."

म्हटलं, "तुला नाव कशाला हवंय? मला हात हवेत."

"आणि बिघडवलं तर?"

"मी आहे ना आत. पन्नास वर्षं मीच बिघडवतेय."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "राकेलला गाडी आणायला सांग. बसने नको आणूस तिला."

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी मिरवणूक रद्द. पाऊस थांबायचं नाव नाही. राकेल आली. तिच्याबरोबर पाव दुधात भिजवून तळले, साखर-दालचिनी लावली. निम्मे विसीसाठी काढून ठेवले, तिला खूप आवडायचे. राकेलला सगळं सांगितलं, ओट्यावरच्या गोष्टीसकट. ती म्हणाली, "आई, ही गोष्ट सांगताना तू दर वेळी हसायचीस." म्हटलं, "हो."

शनिवार, ३० मार्च

माझा नामदिन. दुपारचे चार, सगळे जेवून पहुडलेत. लगेच लिहून काढते.

राकेलने विसीला गाडीतून आणलं. चर्चच्या दारात विसी थांबली. पुढे यायलाच तयार नाही. बाजूच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आली आणि दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली, तळवे वर. मला आधी कळेना. मग कळलं, ती झगा द्यायला आली होती. दारापर्यंत.

मी म्हटलं, "आत ये." नाही. पुन्हा म्हटलं. शेवटी तिच्या पुढे धरलेल्या हातांखाली माझा धड हात घातला आणि तिला आत घेतलं. फेलिसा मागून आली. दार राकेलने लावलं.

मग साडेतीन तास. पहिली दहा मिनिटं ती नुसती इकडेतिकडे बघत होती. सांगाडा पाहून फेलिसाला म्हणाली, "हिला कपडे का नाहीत? गारठेल." मी झगा उलगडला. तिने तो उलटा केला, मागची बाजू तपासली, एका जागी बोट ठेवलं. "हे कुणी उसवलं?" मी उसवलं होतं, नव्वद साली, मेणबत्तीचं मेण काढताना. म्हटलं, "माहीत नाही." मग म्हटलं, "मी." "मूर्ख," ती म्हणाली आणि सुई मागितली.

टाचण्या मी देत होते, डाव्या हाताने. तिने खांद्यावर एकही टाचणी लावली नाही. झग्याचा सगळा भार डोक्यामागच्या कड्यावर घेतला आणि तिथून घड्या खाली सोडल्या, बोटांनी एकेक मोजत. पाठ सरळ उतरली. फुगा नाही. चाळीस वर्षांपूर्वी दारात ती हेच दाखवणार होती. पाच मिनिटांचं काम होतं.

मी म्हटलं, "विसी, माझं चुकलं. सगळंच चुकलं."

ती टाचण्यांमधून म्हणाली, "कामाच्या वेळी बडबड नको. कोण तू?"

"मदतीला आलेय."

"मग नीट धर."

धरलं. रुमाल मातेच्या डाव्या हातात घालताना मात्र तिने माझ्याकडे पाहिलं, बरोबर का, असं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं ना. मी मान हलवली. तेवढं एक मी शिकवलं तिला.

दार उघडलं तेव्हा फादर विल्मर, राकेल आणि पंधरा-वीस बायका छत्र्या घेऊन बाहेर. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. फेलिसाने नियमाचं नाव काढलं नाही, आणि ती गप्प राहिली म्हणजे काय ते गावाला कळतं. पाऊस थोडा थांबला तशी माता कारंज्यापर्यंत नेऊन परत आणली. विसीला राकेलने गाडीत बसवून काचेतून दाखवलं. तिने तळलेल्या पावाचे तीन तुकडे खाल्ले आणि झोपली.

एक राहिलं. वहीत लिहिलंय त्याप्रमाणे दार उघडताना तिला त्या नावाने हाक मारायची होती, सगळ्यांसमोर. मी मनाशी ठरवलं होतं. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. इतकी वर्षं वापरलेलं नाव हातचं सुटत नाही. एवढी कद्रू आहे मी. पुढच्या वर्षी म्हणेन, पण पुढचं वर्ष कुणी पाहिलंय.

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. घंटा. हात खाजतोय.

मंगळवार, २ एप्रिल

वृद्धाश्रमातून फोन. तीच सांभाळणारी मुलगी. "आजी, तुम्ही त्यांना शनिवारी काय केलंत? परवापासून विसितासियोन म्हटलं की ओ देत नाहीत. आज डॉक्टरांनी विचारलं, तुमचं नाव काय, तर ताठ बसून म्हणाल्या, सोलेदाद. सहा वर्षांत पहिल्यांदा नाव सांगितलं, तेही चुकीचं. कागदावर काय लिहू?"

म्हटलं, बरोबर सांगतेय ती. आमच्या गावात तिला तेच म्हणतात.